माझ्या ओबीनं

युद्ध चालू असताना, नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचे अर्थमंत्री ओबियाजुलू यांनी स्वतः उरेदियामावशीला गळ घातली होती, "नायजेरियाच्या जुन्या नोटा सरकारजमा कर, आपल्या नव्या घे." बाजारात कोनफळं विकून जमवलेलं सगळं तिने भाच्याच्या शब्दावर बदलून घेतलं.

बियाफ्रा हरला आणि नव्या नोटांची रद्दी झाली. माफी मागायला ते मावशीच्या दारी गेले, तर तिने आधी पान वाढलं.

"लोक हसतात रे मला. पण मी ठणकावून सांगते, माझ्या ओबीनं आधी स्वतःचं घालवलं, मग माझं!"



लंडनच्या बँकेत सुखरूप असलेल्या आपल्या पैशांबद्दल सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मावशीने त्यात घास भरवला.