सैल स्क्रू

जबलपूरच्या शालेय रोबो स्पर्धेत अंतिम फेरीआधी विनता इतरांचे रोबो पाहत फिरताना शरयूच्या टेबलापाशी थबकली. शरयूने गोहलपुरातल्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापून केलेला रोबोचा हात उचललेला एकही चेंडू खाली पाडत नव्हता. विनताचा महागड्या किटचा रोबो सकाळपासून चेंडू पाडत होता. तिच्या पोटात दुखलं. मग तिला शरयूच्या रोबोच्या चाकाचा सैल स्क्रू दिसला. "काय पाहून राहिली गं?" शरयूने विचारलं. "काही नाही. मस्त आहे." विनताने हातातला पेचकस खिशात घातला. अंतिम फेरी जोडीने खेळायची होती. गुणांत अव्वल असल्याने जोडीदार निवडायचा पहिला मान शरयूचा. तिने विनताला निवडलं. "चलो, मराठीत बोलू," शरयू कुजबुजली, "डाव कोणालेच समजणार नाही. सांग, आधी काय करायचं?" शिट्टीनंतर रोबोला हात लावायची मनाई होती. विनताने पेचकस काढला, तोंड उघडलं, आणि शिट्टी वाजली.