ठोकळ्यांचा सराव

सकाळी साडेदहाला पाच वर्षांच्या रेवाने नऊ सेकंदांत ठोकळ्यांचा पूल उभा केला. सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा तिच्या मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता, म्हणून दरवर्षी दवाखान्यात तिच्या वाढीची ही तपासणी असे.

"कुणी शिकवलं गं?" डॉक्टरबाईंनी कौतुकाने विचारलं.

"आईनं. घरी अस्सेच ठोकळे आहेत. चुकलं की कार्टून बंद!"

शेजारी बसलेल्या आईचे, वैजयंतीचे, कान तापले. मागच्या खेपेला तिने या ठोकळ्यांचा फोटो गुपचूप काढला होता. यंदा महिनाभर लेकीकडून रोज संध्याकाळी सराव करून घेतला होता.

डॉक्टरबाईंनी ठोकळ्यांच्या जिन्याचं चित्र समोर ठेवून तसंच रचायला सांगितलं. रेवा गोंधळली. "आई, हे आपलं झालंच नाही," म्हणत तिने पुन्हा पूलच रचला.

"अहो ताई, ही काय परीक्षा होती? हिला मदत लागणार आहे का, एवढंच बघायचं होतं मला."

वैजयंतीची मान वर होईना. आपल्या लेकीला खरंच काय येतं, हे आता तिलाही सांगता येणार नव्हतं.

अहवालात डॉक्टरबाईंनी लिहिलं: 'निष्कर्ष काढता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.'