खाणीतले मासे

चिऱ्याच्या खाणीत मासे दिसले आणि पासष्ट वर्षांचा भिकाजी लहान पोरासारखा ओरडला.

खाण घराच्या मागेच होती. घर बांधताना तिथूनच चिरे काढले होते, आणि राहिलेला चौकोनी खड्डा दर पावसाळ्यात काठोकाठ भरायचा. गौरी-गणपती कालच गेले होते. श्रावण लागल्यापासून घरात मासळी शिजली नव्हती, त्यामुळे भिकाजीच्या तोंडची चवच गेली होती. आणि इथे बघावं तर देवाने परसदारी मासे आणून सोडलेले! बोटभर लांबीचे, चपळ, चांगले पन्नास-साठ. खालच्या पऱ्ह्याला, त्या ओढ्याला, लोंढा आला तेव्हा चढून आले असणार, दुसरं काय?

पंचा पाण्यात पसरून तो गुडघाभर पाण्यात उतरला. तासाभरात पाणी घातलेली कळशी मासळीने भरली. तीन-चार तर त्याने तिथेच चिऱ्यावर घासून साफही केले. सहा दिवस पावसाची उघाड होती, ऊन कसं चटचट लागत होतं, पण त्याचं त्याला काही नव्हतं.

"मथुरा! गो मथुरा! खोबरं वाटायला घे, तिरफळं काढ. आज कालवण!"

सून पदराला हात पुसत मागच्या दाराशी आली. तिने कळशीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे खाणीतले?"

"मग काय समुद्रातले? बघत काय बसलीस! रस्सा जरा दाट कर."

"मामंजी, ते मी सोडले होते. पाऊस थांबला त्याच दिवशी पऱ्ह्यातून धरून आणले."

भिकाजी हसला. "मासे पाळतेस? कोंबड्या कमी पडल्या का गो?"

मथुरा हसली नाही. "पाऊस कोसळत होता तोवर खाण भरून वाहत होती. डासांची पिल्लं पाण्याबरोबर निघून जात होती. आता पाणी थांबलंय, वर ऊन तापलंय. आता ती वाढणार. मासे होते म्हणून मी निर्धास्त होते."

"डासांचं काय एवढं? धूर करू संध्याकाळी."

"दोन वर्षं धूरच केला ना?" तिचा आवाज चढला. सासऱ्यासमोर ती एवढं कधी बोलत नसे. "दोन्ही वर्षी असाच पाऊस उघडला आणि नवरात्राच्या तोंडावर ह्यांना हिवतापाची हुडहुडी भरली. आगबोटीवरच्या नोकरीसाठी तपासणाऱ्या डॉक्टरने पोट दाबलं, तापाने पोटातली पाणथरी वाढलीय म्हणाला, आणि परत पाठवलं. यंदाही नापास झाले तर नाव कायमचं काढतील. ह्यांच्या जिवावर बेतलं तर ते वेगळंच. बोटीला बावीस दिवस राहिलेत, मामंजी."

त्याचा मुलगा हरिश्चंद्र बोटीचे कागद करायला रत्नागिरीला गेला होता. गेल्या साली परत आला तेव्हा पडवीत तीन गोधड्या घेऊनही त्याचे दात वाजत होते. तापावरचं कोयनेल पाजलं की कडू तोंड करून भिंतीकडे वळायचा. भिकाजीला ते सगळं आठवलं आणि त्याचं हसू आटलं. तरी हार मानील तो भिकाजी कसला?

"तासाभरात काय डास झाले? उगीच!"

"रोज नवी पिल्लं निघतात, मासे ती रोज खातात. खाली जाऊन बघा."

गेला. रागानेच गेला. काठावर उकिडवा बसून त्याने ओंजळभर पाणी घेतलं. म्हातारपणाचे डोळे, आधी काही दिसेना. मग उन्हाकडे धरलं तेव्हा दिसलं. पाण्यात केसासारखं काहीतरी वाकत होतं, सरळ होत होतं, खाली जात होतं, परत वर येत होतं. एक नाही, सहा-सात. एवढ्याशा ओंजळीत! त्याने ते पाणी दूर कातळावर फेकलं आणि हात धोतराला खसाखसा पुसले.

तो परत आला तेव्हा मथुरा कळशी कमरेवर घेऊन खाणीकडे निघालीच होती.

"मेलेले तुमचे," ती म्हणाली. "जिवंत माझे."

"आणि तेवढे पुरे पडले नाहीत तर?"

"आणखी आणीन. यंदा ते बोटीत चढणार म्हणजे चढणार. लिहून ठेवा."

भिकाजीला कुठे लिहिता येत होतं! पण पोरीच्या तोंडावर असं काही होतं, की त्याला वाटलं, ही म्हणते तर चढेल आपला हरबा. लाज वाटली, मनातून बरंही वाटलं. मग त्याने खुंटीवरची टोपली काढली आणि पऱ्ह्याची वाट धरली.

तो आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. टोपलीत केळीची पानं अंथरून वर ओलं शेवाळ टाकलं होतं, आणि आत मासे फडफडत होते. सकाळच्यापेक्षा चांगले होते, दोन तर वीतभर. मथुराने साफ केलेल्या तेवढ्या तीन-चार माशांचं कालवण चुलीवर ठेवलं होतं. तिरफळाचा वास अंगणापर्यंत आला होता. शेजारच्या गोदूबाईने कुंपणावरून विचारलं, "भिकाजीनू, आज मेजवानी वाटतं?"

तो थांबला नाही. स्वयंपाकघराच्या दारावरून तो तसाच पुढे गेला, नाक मात्र एकदा आपोआप वळलं. खाणीच्या काठावर बसून त्याने टोपली अलगद पाण्यात कलती केली. मासे क्षणभर एका जागी थांबले, मग चिऱ्यांच्या सावलीकडे सुटले.

"खा रे बाबांनो," भिकाजी म्हणाला, "पोटभर खा."