काळी दोन

दुसऱ्या कडव्यातला वरचा सूर भिकननानांना पुन्हा लागला नाही. स्टुडिओतल्या काचेच्या अलीकडे बसलेल्या प्रशीलनं रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं.

"राहू द्या, मॅडम," तो हळूच म्हणाला. "कॉम्प्युटरवर मी सूर वर ओढून घेतो. नानांना कळायचंही नाही."

"आणि भीमजयंतीला स्टेजवर कोण ओढून देईल?" प्रज्ञानं हात लांब केला आणि रेकॉर्डिंग थांबवलं.

धुळ्याच्या या रेकॉर्डिंग कंपनीतून भीमजयंतीला कुठली गाणी निघायची, हे आता प्रज्ञा ठरवत होती. त्याआधी ती गात होती, तीही नानांच्याच गायन पार्टीत. चाळीसगावपासून बोदवडपर्यंत लोक नानांना त्यांच्या उंच आवाजावरून ओळखत. तो आवाज कुणी मध्येच थांबवलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

ती दार ढकलून आत गेली.

"काय व्हयनं? लाईट गयी का?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना. मी थांबवलं. वरचा सूर लागत नाहीये."

नानांनी कानावरचा हेडफोन काढला. पाण्याचा घोट घेतला. मग पेटीचा भाता मिटून त्यावर हात ठेवून बसले.

"म्हणजे मना गळा गया, असंच ना?"

"गळा आहे. पट्टी उंच पडतेय. पेटीची काळी चार सोडा, खाली काळी दोनवर या."

"काळी दोन म्हातारासनी पट्टी शे."

प्रज्ञा पेटीजवळ गेली. ती म्हणाली, "हो, नाना."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशीत हसू आलं.

"पार्टीमा व्हती तवय तू असं कधीच बोलनी नही."

"तेव्हा माझी पुढची ओळ चुकू नये, एवढीच काळजी असायची."

नानांनी भाता मोकळा केला. बोट काळी दोनवर नेलं, सूर धरला आणि डोळे मिटले. प्रज्ञा बाहेर येऊन खुर्चीत बसली. प्रशीलनं पुन्हा सुरुवात केली.

गाणं नानांनीच रचलेलं. म्हातारपणी पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकलेल्या आईचं. स्टेजवर ते टाळ्यांचं गाणं होतं. वरच्या सुरावर लोक उठून उभे राहायचे. आता आवाज खाली उतरला आणि सावकाश झाला. आईचा हात थरथरतो, पेन्सिल तुटते, ती तुटक्या तुकड्यानंच पुढचं अक्षर काढते. शेकडो वेळा साथ दिलेल्या गाण्यातली ती पेन्सिल प्रज्ञाला आज पहिल्यांदा दिसली. ती खुर्चीत मागे टेकली.

ध्रुवपदाशी येऊन नाना सवयीनं थांबले. तिथली दुसरी ओळ नेहमी प्रज्ञाची असायची. त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. प्रशीलनंही पाहिलं आणि टेबलावरचा माईक तिच्याकडे सरकवला.

प्रज्ञानं नाही म्हणून मान हलवली आणि हातानं खूण केली, चालू द्या.

नाना हसले. तिची ओळही त्यांनीच गायली.