सोन्याचे दोन वर्ख

डॉक्टरांकडची रेडियमची सुई हरवली होती, म्हणून ते मला कॉलेजातल्या विद्युतदर्शीसकट अकोल्याहून हिवरखेडला घेऊन आले. त्याच्या काचेच्या डबीत सोन्याचे दोन वर्ख फाकलेले होते; रेडियम जवळ असलं की हवेत आयन होतात आणि वर्ख मिटतात. असल्याच सुयांनी गालाची गाठ बरी होऊन डॉक्टरांच्या दवाखान्यातून नुकत्याच इथं घरी आलेल्या दुर्गाबाईंनी गाठोडं, लुगडी, गोधड्या सगळं पुढ्यात टाकलं. वर्ख हलले नाहीत. “मी का चोट्टी हावो?” त्या कडाडल्या. डॉक्टर ओशाळून उठले. मी डबी घेऊन पाळण्याजवळून दाराकडे निघालो, आणि वर्ख मिटत गेले. आत तान्ह्या नातीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात सुई ओवलेली होती. खालची कातडी भाजलेली. डॉक्टरांनी कात्री काढताच दुर्गाबाई आडव्या आल्या. “तोडू नोका! माही गाठ जिरवली तिनं. बारशाले बांधली, तवापासून आंघोळीलेबी नाई काढली.”