बंदूक आणि क्लॅरिनेट

चांगदेवांच्या हातात बंदूक होती आणि समोर अंधारा बोळ. बंदूक पडद्यावरची, पण ती धरलेले हात जणू त्यांच्याच छातीतून पुढे आलेले. माउस जरा हलला की सगळं जग गरकन फिरायचं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

“काका, टेबल सोडा, माउस धरा,” दुकानाचा मालक सुधीर हसत म्हणाला. “राक्षस काय थांबणार नाय तुमच्यासाठी.”

कल्याणला त्यांच्याच इमारतीखाली सुधीरने या वर्षी, नव्याण्णव साली, कॉम्प्युटर गेमचं दुकान टाकलं होतं. चांगदेव दुधाची पिशवी घेऊन रोज समोरून जात. आत कधी गेले नव्हते. आज दारावर नवं चित्र दिसलं. वाद्यं घेतलेली पाच माणसं आणि मागे जळतं शहर. त्यांचे पाय थांबले.

ते स्वतः ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बायको गेली, भागीरथी, आणि ते घरी बसले. दुःखाचं वर्ष सरलं. मग ते वाट पाहू लागले. बँडमधून कुणीच आलं नाही. आणखी काही वर्षं गेली. आपण घाटावरचे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे. कोळ्यांच्या बँडला आपण कशाला हवे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. फुंकही पहिल्यासारखी राहिली नसेल.

खेळ साधा होता. एका परदेशी बँडचे वादक राक्षसांनी पळवले होते. गोळ्या झाडत एकेकाला शोधायचं. मागे त्याच बँडचं गाणं वाजत होतं. गिटार त्यांना पत्रा कापल्यासारखी वाटली. राक्षस पडला की ते हळूच ‘अरेरे’ म्हणत. पण ड्रमवाला सापडला आणि गाण्यात एकदम ताल शिरला. तोवर ते गाणं लंगडत होतं, हे चांगदेवांना तेव्हा कळलं. ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

दुसरा वादक एका खोलीत होता. काचेतून त्याची पाठ दिसत होती. वाटेतले राक्षस संपले होते. चांगदेव दारापाशी जाऊन उभे राहिले. उभेच राहिले.

“काय करताय?” सुधीरने विचारलं.

“येईल ना तो बाहेर.”

“तो नाय येणार, काका. आत तुम्हालाच जायला लागेल.”

चांगदेवांनी एकदा त्या दाराकडे बघितलं. मग त्यांनी माउस हळूच बाजूला ठेवला आणि ते उठले.

“अहो, गेम अर्धा राहिलाय!”

“असू दे.”

संध्याकाळी ते कोळीवाड्यात पोचले. बँडमास्तर धाकू ओट्यावर बसून फडक्याने कॉर्नेट पुसत होता. वाटेत जुळवलेलं वाक्य चांगदेवांना आठवेना.

“मास्तर, जागा असली तर... नसली तरी काही नाही, मी सहज...”

“आयलास?” धाकू ओरडला आणि घराकडे वळला. “गो जने, चांगदेव आयला! चा ठेव!” मग त्याने त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. “येवरी वर्सं व्हतास कुठं रं?”

“घरीच. तुम्ही कुणी न्यायला आला नाहीत.”

“न्यायला? दुःखातल्या मानसाला आमच्यान कोन बोलवीत नाय. त्याचं मन झालं का तो आपनच येतो.”

“आमच्या गावाकडे,” चांगदेव खाली बघत म्हणाले, “दुःखातला माणूस आपणहून बाहेर पडत नाही. लोक टॉवेल-टोपी घेऊन येतात आणि त्याला बाहेर काढतात.”

धाकूचा फडक्यातला हात थांबला.

“म्हंजे तू वाट बगत व्हतास?”

“हो.”

“आमीपन,” धाकू म्हणाला.