खुर्चीएवढा रस्ता

फळीवरचे कप किणकिणले. जरा थांबून पुन्हा किणकिणले. तान्हं नुकतंच झोपलं होतं आणि घर इतकं गप्प होतं, की तिला वाटलं, मांजर भांड्यांत शिरलं. मग लक्षात आलं. गाडी! रस्त्याला गाडी लागली की कप वाजतात, हे ती विसरूनच गेली होती.

"चिमणे, आजी आली गं!"

खिडकीजवळच्या खाटेवरची चादर तिने उगाच पुन्हा सारखी केली. तेवढ्यात कप थांबले. गाडीची घरघरही थांबली. अजून तर गाडी वळणावरच असणार. फाटकापाशी.

तान्ह्याला खांद्यावर टाकून ती बाहेर पडली. चिमणी पुढे पळाली.

फाटक आता तिथे नव्हतं. रस्त्याच्या तक्रारीचा निकाल लागला तसं फाटकआजोबांनी ते आपल्या हातांनी उचकटून कुंपणाला टेकवून ठेवलं होतं. सरकारी माणसाचा हात त्याला लागू दिला नाही. पण फाटकाच्या जागी, रस्त्याच्या बरोबर मधोमध, त्यांनी खुर्ची टाकली होती. खुर्चीत ते स्वतः. मांडीवर वाटी, आणि मटार सोलणं चाललेलं. गाडीचं नाक त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर लांब.

फाटक बसवल्यापासून ते फाटकआजोबा; तसे सासूबाईंचे चुलत दीर. रस्ता त्यांच्या कुंपणाला घासून येतो आणि हिच्या अंगणात संपतो. पुढे घर नाही, मागे वस्ती नाही. ये-जा काय ती या घरातल्या माणसांचीच. रस्ता माझा आहे, जायचं तर विचारून जा, एवढंच आजोबांचं म्हणणं. पायी जाणाऱ्याने विचारलं तर कधी नाही म्हणाले नाहीत. पण सासूबाईंचा हेका, "एकदा विचारलं की रस्ता त्यांचा झाला." म्हणून त्या पलीकडून, ओढ्यातल्या दगडांवरून जायच्या. तिथेच पाय सटकला आणि खुबा मोडला. आज त्या दवाखान्यातून घरी येत होत्या.

चिमणी मात्र शाळेत जाता-येता विचारायची. "आजोबा, जाऊ का?" "जा, पण परत ये." चौकशीला साहेब आले तेव्हा आजोबांनी तेच पुढे केलं होतं, "यांची नातसुद्धा मला विचारून जाते!" साहेब हसून म्हणाले होते, "ती मलाही विचारेल, आजोबा."

"काका, निकाल लागलाय," नवऱ्याने गाडीतून डोकं बाहेर काढलं. आवाज त्याने मुद्दाम खाली ठेवला होता.

"मग फाटक काढलंय की मी. खुर्चीचं काही लिहिलंय का निकालात?"

मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या सासूबाई कडाडल्या, "सांग त्यांना, मी विचारणार नाही. इथेच राहीन गाडीत. जेवणाचं ताट इथेच आणा म्हणावं."

"आणि सांग तुझ्या आईला," आजोबांनी दाणे वाटीत टाकले, "मलाही घाई नाही. मटार पुष्कळ आहेत."

दोघांमध्ये एक काच, तीही उघडी. तरी निरोप पुतण्याच्या हाती चालले होते.

"मावशी, दोन शब्द तर आहेत. बोलून टाका ना," ड्रायव्हर काकुळतीला आला.

"तू गाडी चालव."

"कुणाच्या अंगावरून?"

आपणच विचारून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. काचेतून सासूबाईंनी नुसतं पाहिलं. तिने ओठ मिटले.

चिमणी मात्र खुर्चीला वळसा घालून केव्हाच गाडीपुढे जाऊन उभी राहिली होती. शाळेतून आल्यावर रोज उभी राहायची, तशीच.

"आजोबा, जाऊ का?"

आजोबांचा हात शेंगेवरच थांबला. "कोण कोण?"

"मी. आणि आजी, बाबा, आणि हे गाडीवाले काका." तिने मागे वळून नीट पाहिलं. "आणि आजीची काठी."

"जा."

आजोबा उठले. एका हातात वाटी, एका हातात खुर्ची, असे कुंपणाला चिकटून उभे राहिले.

"मी काही विचारलेलं नाही हं!" सासूबाई ओरडल्या.

"बहिरा नाहीये मी. ऐकलं, कुणी विचारलं ते." आणि गाडी अगदी जवळून सरकताना, जरा हळू, "वहिनी, पाय जपा."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण काच त्यांनी वर केली नाही.

नवऱ्याने आणि ड्रायव्हरने त्यांना अलगद आत आणून खाटेवर टेकवलं. "खिडकीशी कशाला लावलीस खाट? सगळा रस्ता दिसतो इथून," त्या म्हणाल्या. ती खाट ओढायला वाकली, तर म्हणाल्या, "राहू दे आता."

तान्हं पुन्हा झोपलं. चहाला आधण ठेवून तिने फळीवरचे कप खाली काढले. किती दिवसांनी घर भरल्यासारखं वाटत होतं.

खिडकीतून दिसत होतं, आजोबांनी खुर्ची परत मांडली होती. रस्त्यात नाही, कडेला. तोंड मात्र रस्त्याकडे. वाटीतले मटार कधीच संपले होते.

"चिमणे, इकडे बघ," सासूबाईंनी नातीला जवळ ओढलं. "उद्यापासून कुणाला विचारायचं नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. कळलं?"

चिमणीने मान डोलावली. मग हळूच स्वयंपाकघरात येऊन आईचा पदर ओढला.

"आई, मी जर विचारलंच नाही, तर आजोबा मला 'परत ये' कधी म्हणणार?"